तिन्हीसांजेला उंबऱ्यावर

माझी प्रार्थना देवापर्यंत पोचते की नाही, ही शंका मला लग्न होऊन सासरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात आली, आणि पुढे वीसेक वर्षं ती माझ्याबरोबर नांदली. मी आज लिहायला बसले आहे ती शंका फिटली म्हणून नाही. उलट जे घडलं त्यानंतर माझा गोंधळ थोडा वाढलाच आहे. पण पूर्वी त्या गोंधळात मी एकटी होते आणि आता नाही, एवढा फरक पडला. तेवढा सांगितला पाहिजे असं वाटतं.

मी जन्मानं ख्रिस्ती. वडील नगर जिल्ह्यातले, मिशनच्या शाळेत शिकलेले, कारखान्यात नोकरी लागली म्हणून पिंपरीला आले. आमच्या दोन खोल्यांच्या घरात रोज संध्याकाळी वडील सगळ्यांना बसवून प्रभूची प्रार्थना म्हणवून घेत. नुसती मनात म्हटलेली त्यांना चालत नसे, ओठ हलले पाहिजेत असा त्यांचा आग्रह होता. मी लग्न केलं ते पुनावळ्याच्या जुन्या गावकरी घरातल्या हिंदू मुलाशी, माझ्या मर्जीनं. आम्ही एकाच कंपनीत होतो. कोणी कोणावर जबरदस्ती केली नाही. माझ्या सासऱ्यांनी फक्त एकदाच सांगितलं, की भावकीत याची चर्चा नको. मग "नगरकडची मुलगी" एवढीच माझी ओळख उरली. ताटातल्या तांदळात अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं गेलं, जुनं नाव माहेरी राहिलं, आणि मी ज्याला प्रार्थना करत होते तो कुठे राहिला हे मलाही नीट कळेना.

नव्या सुनेकडे संध्याकाळच्या दिव्याचं काम आलं. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात देवघर. मी दिवा लावायची, हात जोडायची, डोळे मिटायची आणि वडिलांची प्रार्थना अगदी हलक्या आवाजात म्हणायची. ओठ हलवल्याशिवाय ती मला येतच नव्हती. समोर विठ्ठल, खंडोबा, अन्नपूर्णा, आणि माझ्या तोंडी ती प्रार्थना. यात लबाडी कोणाशी होत होती, त्या देवांशी की माझ्या देवाशी, हे मी रोज स्वतःला विचारायची आणि उत्तर न मिळता कणीक मळायला घ्यायची. लहानपणी आमचे पाळकसाहेब उपासनेत बजावून सांगत, की जो माणसांपुढे प्रभूला नाकारतो त्याला प्रभूही नाकारतो.

त्यात आत्यांचा पहारा. सासूबाईंना मी आत्या म्हणते. आमच्या आत्या जुन्या वळणाच्या, बोलायला फटकळ, शिस्तीला कडक. तिन्हीसांजेला कोणी उंबऱ्यावर बसलेलं त्यांना खपत नसे. लक्ष्मी यायची वेळ, वाट अडवून बसायचं नाही. शेजारच्या पोराबाळांनाही त्या हात धरून उठवायच्या. आणि त्याच आत्या, मी दिवा लावायला गेले की वाती वळायचं ताट घेऊन नेमक्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन बसायच्या. सासूचे नियम सासूला लागू नसतात, एवढंच मी त्यातून शिकले. शिवाय भावकीतलं कोणी अंगणात आलं की एवढ्या मोठ्यानं ओरडायच्या, "कोन? धाकल्या काकू व्हय? या की, बसा भायेर", की मी दचकून डोळे उघडायची. मला वाटायचं, ही बाई माझ्या पाठीवर डोळे लावून बसली आहे. सून नीट हात जोडते का, मध्येच काही भलतं करते का, ते बघते आहे. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, तिचा स्वभावच तसा आहे, मनावर घेऊ नकोस. मी मनावर घेतलं आणि वीस वर्षं ठेवलं.

मधल्या काळात मी जपानी शिकले. चिंचवडला एका क्लासला जात होते. हौस म्हणून सुरू केलेलं पोटापाण्याचं झालं. चाकणला एका जपानी कंपनीत मी दुभाषी आहे. दिवसभर एकाचं बोलणं दुसऱ्याच्या पदरात घालायचं, मधल्या मध्ये आपलं स्वतःचं काही बोलायचं नाही. या कामाला मी फार लवकर सरावले. का ते मला ठाऊक होतं.

गेल्या वर्षी कंपनीत मात्सुदा-सान, म्हणजे मात्सुदासाहेब, हे साठीच्या घरातले गृहस्थ आले होते. प्रेसच्या साच्यात वारंवार दोष येत होता, तो बघायला काही महिने त्यांना पाठवलं होतं. अबोल माणूस. साच्यावर हात ठेवून बराच वेळ उभे राहायचे आणि मग एकच वाक्य बोलायचे. खंडेनवमीला नेहमीप्रमाणे कारखान्याच्या शॉपमध्ये मशिनींची पूजा झाली. झेंडूच्या माळा, हळदीकुंकू, प्रेससमोर केळीचे खांब. पाहुणे म्हणून मात्सुदा-साननाही टिळा लावला आणि नारळ फोडायला दिला. काय करायचं ते मी त्यांना सांगितलं. त्यांनी अगदी मनापासून सगळं केलं. नारळ फोडला, वाकून नमस्कार केला, हात जोडले. मी त्यांच्या शेजारीच उभी होते, म्हणून मला दिसलं, की नमस्कार झाल्यावरही त्यांचे डोळे मिटलेलेच होते आणि ओठ बारीक हलत होते. लोक आरतीच्या टाळ्या वाजवत होते. त्या ओठांची हालचाल बघून आरशात बघावं तसं झालं. मी स्वतःला दिवा लावताना कधी बाहेरून बघितलं नव्हतं, पण मी अशीच दिसत असणार.

संध्याकाळी त्यांना सोडायला मी गाडीत होते आणि चाकणच्या चौकात गाडी अडकली ती अडकलीच. पुढे कंटेनर, मागे कंटेनर. ड्रायव्हरला जपानी येत नव्हती. मी धीर करून विचारलं, सकाळी तुम्ही काय म्हणत होतात? मला वाटलं, आगाऊपणा झाला. पण ते बोलायला लागले, आणि इतके महिने न बोललेलं सगळं त्या जॅममध्ये बोलले.

त्यांचं गाव नागासाकीच्या पश्चिमेला, समुद्रातल्या बेटावरचं. काही शतकांपूर्वी तिथे परदेशातून ख्रिस्ती धर्मगुरू आले आणि पुष्कळ कोळी, शेतकरी ख्रिस्ती झाले. पुढे राज्यकर्त्यांनी तो धर्म बंद केला. धर्मगुरूंना हाकललं, मारलं. ज्यांनी धर्म सोडला नाही त्यांचे हाल केले. मग गावोगाव एक रीत सुरू झाली. ख्रिस्ताचं किंवा त्याच्या आईचं चित्र कोरलेली पाटी जमिनीवर ठेवायची आणि वर्षातून एकदा गावातल्या प्रत्येकानं तिच्यावर पाय ठेवून पुढे जायचं. जो अडखळला तो पकडला गेला. मात्सुदा-सानच्या पूर्वजांनी दर वर्षी पाय ठेवला. आणि दर वर्षी घरी येऊन दार लावून क्षमेची प्रार्थना म्हटली. नाव बौद्ध देवळात नोंदलेलं, घरात करुणेच्या देवीची मूर्ती, तिच्या कडेवर बाळ. बाहेरच्याला ती बौद्धांचीच देवी दिसायची, घरातल्यांना ती मरिया. खरे देव तर कोठीघरात, धान्याच्या पोत्यांमागे. दोनशेहून जास्त वर्षं त्यांच्याकडे ना धर्मगुरू होता ना पुस्तक. बाप्तिस्मा गावातलाच एखादा म्हातारा द्यायचा. प्रार्थना तोंडातून तोंडात गेल्या आणि जाता जाता त्यातले परके शब्द इतके झिजले, की पुढच्यांना अर्थच कळेना. तरी म्हणत राहिले.

"बंदी उठल्यावर काही लोक चर्चमध्ये परत गेले," ते म्हणाले. "आमचं घर गेलं नाही. आजी म्हणायची, ज्यांनी जीव धोक्यात घालून हे असं सांभाळलं त्यांचं हे असंच राहू दे. मी तेच म्हणतो. अर्थ मला माहीत नाही. मी ख्रिस्ती आहे की नाही, तेही मला माहीत नाही."

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली. आतल्या खोलीत प्रार्थना चालू असताना दारात कोणीतरी बसलेलं असायचं. मासळी साफ करत, जाळं विणत. अनोळखी माणूस वाटेवर दिसला की ते मोठ्यानं हाक मारायचं आणि आतले गप्प व्हायचे. त्यांच्या घराच्या दारात पूर्वी शेजारची एक बाई बसायची असं आजी सांगे. ती त्यांच्यातली नव्हती, चांगली बौद्ध होती. खबर देणाऱ्याला सरकारकडून चांदी मिळायची. तिनं कधी दिली नाही, आणि का दिली नाही हे कधी बोलली नाही. आजी रोजच्या प्रार्थनेत शेवटी त्या बाईचं नाव घ्यायची.

ही गोष्ट त्या वेळी माझ्या कानावरून गेली. माझं सगळं लक्ष त्या पाटीवर अडकलं होतं. मी विचारलं, "पाय ठेवला म्हणजे नाकारलंच ना?" माझा आवाज चढला असावा, कारण ड्रायव्हरनं आरशातून बघितलं. मात्सुदा-सान म्हणाले, "त्यांनी पाय ठेवला म्हणून मी जन्मलो. बरोबर की चूक, आजीलाही ठाऊक नव्हतं." तेवढ्यात गाडी हलली आणि बोलणं तिथेच राहिलं.

मला वाटलं होतं, आपल्यासारखं कोणी भेटलं की मन हलकं होतं. झालं भलतंच. दुसऱ्या दिवशी दिवा लावला, डोळे मिटले आणि मला प्रार्थना म्हणता येईना. पहिली ओळ ओठांवर आली की ती पाटी दिसायची आणि तिच्यावर पाय दिसायचे, माझेच, जोडवी घातलेले. ज्यांना मरणाची भीती होती त्यांनी पाय ठेवला, मला तर भावकीतल्या चार बायकांची भीती. मग माझं काय? मी नुसती उभी राहायची आणि पुरेसा वेळ गेला असं वाटलं की वळायची. आत्या उंबऱ्यावरून उठून वाट द्यायच्या. त्या दिवसांत त्या माझ्या तोंडाकडे जरा निरखून बघायच्या, असं आता आठवतं.

दिवाळी उलटली आणि आत्यांना धाप लागायला लागली. चार पावलं चालल्या की भिंतीला हात. तपासण्या झाल्या, हृदयाची झडप खराब झाली होती. ऑपरेशनशिवाय गत्यंतर नाही, आणि वय, साखर बघता ऑपरेशनलाही धोका आहे, असं डॉक्टरांनी माझ्या नवऱ्याला आणि मला समोर बसवून सांगितलं. नवरा बाहेर येऊन बाकावर बसला आणि लहान मुलासारखा रडला. मी त्याच्या पाठीवर हात फिरवत होते आणि माझ्या लक्षात आलं, की मलाही ही बाई हवी आहे. वीस वर्षं जिच्या पहाऱ्याला मी वैतागले, ती नसलेलं घर मला डोळ्यांसमोर आणता येईना. अशा वेळी माणूस देवाकडे धावतं. मी कोणाकडे धावणार? ज्या एका प्रार्थनेवर माझं सगळं उभं होतं ती नेमकी आताच माझ्या तोंडून निघत नव्हती. एवढी पोरकी मी वडील गेले तेव्हाही झाले नव्हते.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी माझी नणंद आळंदीहून आली. तिथलंच तिचं सासर. इंद्रायणीचं तीर्थ आणि माउलींच्या समाधीवरची तुळस घेऊन आली होती. तिनं आत्यांच्या कपाळाला बुक्का लावला, तुळशीचं पान उशाशी ठेवलं आणि माझ्या नवऱ्याला घेऊन खाली औषधं आणायला गेली. खोलीत आम्ही दोघीच. आत्यांची कॉट दाराला लागून होती. खिडकीबाहेर उन्हं उतरली होती, रस्त्यावरचे दिवे लागत होते.

आत्यांनी विचारलं, दिवा लावायची वेळ झाली का. मी म्हटलं, झाली, पण आत्या, इथे दिवा लावू देत नाहीत.

"दिवा ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "तुजं ते म्हन."

मला कळलं नाही. खरं तर कळलं, पण ते खरं असेल यावर विश्वास बसेना. मी विचारलं, "काय म्हणू?"

"दिव्यापाशी म्हनतीस त्ये. आज वाईच मोठ्यानं म्हन. इतकी वरसं झाली, मला कदी नीट ऐकू आलं न्हाई. दाराकडं तोंड असायचं माजं."

दाराकडं तोंड. माझ्याकडे पाठ. प्रार्थना संपवून वळले की उंबऱ्यावर बसलेल्या आत्यांची मला नेहमी पाठच दिसायची, हे मी रोज बघत होते आणि त्याचा अर्थ मला एकदाही लागला नव्हता. काकू आल्या की ती मोठी हाक. या की, बसा भायेर. तिन्हीसांजेला उंबऱ्यावर बसू नये म्हणून साऱ्या गल्लीला दटावणारी ही बाई रोज त्याच वेळी लक्ष्मीची वाट अडवून बसली होती, कशासाठी? चाकणच्या जॅममध्ये जे ऐकूनही माझ्या कानावरून गेलं होतं, ते आत्ता येऊन पोचलं. ती मासळी साफ करणारी बाई. आत्यांना पहिल्यापासून सगळं ठाऊक होतं.

मला रडू फुटलं. मी विचारलं, आत्या, तुम्हाला राग नाही आला?

त्यांना बोलताना दम लागत होता. थांबत थांबत त्यांनी सांगितलं, की त्या लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांच्या माहेरच्या देवीला या देवघरात जागा दिली नव्हती. माहेरचे देव सासरी चालत नाहीत म्हणाले. मग त्यांनी देवीचा टाक फडक्यात बांधून तांदळाच्या डब्यात तळाशी ठेवला. रोज तांदूळ घेताना हात लावायचा, तोच नमस्कार. "अजून तितंच हाय," त्या म्हणाल्या. "बाईला न्हाई सोडवत गं. म्या कुनाला सांगू शकले न्हाई, तुला तरी धड म्हनू द्यावं म्हटलं." मग जरा श्वास घेऊन म्हणाल्या, "मदल्या मैन्यात तुजा आवाज यीना झाला. म्हटलं, पोरीचं कायतरी हरवलं."

त्या तांदळाच्या डब्यातून मी वीस वर्षं रोज तांदूळ काढले आहेत. माझ्या हातालाही कधीतरी ते फडकं लागलं असेल.

मी खुर्ची ओढून जवळ बसले. डोळे मिटले नाहीत. त्यांचा हात धरला आणि वडिलांची प्रार्थना म्हणायला लागले. इतक्या वर्षांनी मोठ्यानं म्हणताना माझाच आवाज मला ओळखू येईना. मध्ये एके ठिकाणी अडखळले, पुन्हा मागून सुरू केलं. रोजच्या भाकरीची ओळ आली तेव्हा आत्यांनी डोळे उघडले आणि विचारलं, "भाकरीच मागत्यात व्हय? मग बरं हाय. आपल्यासारकंच हाय." मी हसले आणि रडले, दोन्ही एकदम झालं. क्षमेची ओळ म्हणत होते, तेवढ्यात बाहेर पावलं वाजली. नणंदेचा आवाज. वीस वर्षांच्या सवयीनं माझे ओठ मिटले आणि मी आत्यांच्या हाकेची वाट बघितली.

आत्यांनी हाक मारली नाही. माझा हात दाबून म्हणाल्या, "येऊ दे. म्हन तू."

मी म्हटली, शेवटपर्यंत. नणंद दारात थबकली. माझा नवरा तिच्या मागे होता. काय चाललं आहे हे तिला कळलं असेल नसेल, पण ती चप्पल काढून आत आली आणि प्रार्थना संपेपर्यंत हात जोडून उभी राहिली. मग तिनं तुळशीचं पान सरळ केलं आणि मला म्हणाली, वहिनी, चहा घेतलास का.

ऑपरेशन पार पडलं. दोन दिवस काळजीचे गेले आणि मग आत्यांनी पाणी मागितलं. नणंदेचं म्हणणं, माउलींनी तारलं. नवरा डॉक्टरांच्या पायाच पडायला निघाला होता. मात्सुदा-सान तोवर जपानला परतले होते, मी त्यांना कळवलं होतं. त्यांचा निरोप आला, की त्यांनी आजीची प्रार्थना रोज म्हटली, अर्थ माहीत नसताना, आणि शेवटी आत्यांचं नाव घेतलं. नावाचा उच्चार बरोबर आहे ना, एवढंच त्यांनी विचारलं होतं. तांदळाच्या डब्यातल्या देवीनं काय केलं ते आत्याच जाणोत. यातलं कोणाचं ऐकलं गेलं, मला ठरवता येत नाही. पाळकसाहेबांचं वचन मी विसरलेले नाही आणि त्याला माझ्याकडे आजही उत्तर नाही. पूर्वी वाटायचं, उत्तर सापडल्याशिवाय देवापुढे उभं राहायचं तोंड नाही. आता गोंधळ तसाच घेऊन उभी राहते. त्याला काय ठरवायचं ते त्यानं ठरवावं. ज्यानं मला आधीच दार सांभाळणारी बाई देऊन ठेवली, तो माझ्याशी फार कठोर नसावा असं वाटतं.

आत्या घरी आल्या, पण पूर्वीच्या राहिल्या नाहीत. आवाज चिरका झाला आहे. विठ्ठलाचं नाव घेतानाही डोळ्यांतून पाणी वाहतं. याआधी आम्ही कोणी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं आणि कोणी पाहावं हे त्यांना अजूनही सोसत नाही. देवीचा टाक आता देवघरात आहे, अन्नपूर्णेच्या शेजारी. संध्याकाळी माझी प्रार्थना होते, मोठ्यानं, मग आत्या भिंतीला धरून देवघरापाशी येऊन बसतात. मी निवडायचं ताट घेते आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर जाऊन बसते, अंगणाकडे तोंड करून. मागून तो चिरका आवाज येतो, मध्येच थांबतो, हुंदका येतो, पुन्हा सुरू होतो. मी वळून बघत नाही.

परवा धाकट्या काकू अंगणात आल्या. मला बघून म्हणाल्या, "अगं, तिन्हीसांजंचं उंबऱ्यावर बसत्यात व्हय?"

"कोण, काकू व्हय?" मी चांगली मोठ्यानं म्हटलं. "या की. बसा बाहेर."